वाचवलेले पाणी कोणाच्या खात्यावर? जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पाणीवापर संस्थांना पाणी मोजून देणे व त्यांनी वाचवलेल्या पाण्यावर त्यांचा हक्क मान्य करणे याबाबत.

महोदय,

शेतकऱ्याने पाणी काटकसरीने वापरावे, हे शासनाचे धोरण आम्हा कालव्याखालच्या शेतकऱ्यांना मनापासून मान्य आहे. ठिबक संचासाठी केंद्र व राज्य मिळून अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान देण्याची योजना राज्यात आहे आणि तिचा लाभ अनेकांनी घेतला आहे. तरीही आमच्या पाणीवापर संस्थेच्या, म्हणजे कालव्याचे पाणी एकत्र घेऊन आपसात वाटणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेच्या, बैठकीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या या पाळीत, आम्ही ठरल्यापेक्षा कमी पाणी घेतले, तर उरलेले पाणी उन्हाळ्यात आम्हाला मिळेल का? या प्रश्नाला खात्रीचे ‘होय’ मिळत नाही, तोवर बचतीचा कितीही प्रचार झाला तरी शेतकरी आपल्या पाळीत मिळेल तेवढे पाणी घेऊन ठेवणारच. पुढचे आवर्तन केव्हा सुटेल आणि टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत, पोहोचेल की नाही, याचा भरवसा नसताना त्याने दुसरे काय करावे?

यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम आणि महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम हे दोन्ही कायदे राज्याने २००५ मध्येच केले. पहिल्याने पाणीवापर संस्थेला घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, पाणी देण्याची आणि ते कोणत्या पिकाला वापरायचे हे संस्थेनेच ठरवण्याची व्यवस्था केली. दुसऱ्याने पाण्याचा हक्क ठरवणारे आणि दर निश्चित करणारे स्वतंत्र प्राधिकरण उभे केले. कायद्याची ही दिशा योग्यच होती. क्षेत्र आणि पीक पाहून आकारलेल्या पाणीपट्टीत प्रत्यक्ष किती पाणी घेतले याचा हिशेबच नसतो. रात्रभर मोकाट भिजवणारा आणि सरी-वरंब्याने नेमके पाणी देणारा एकाच दरात बसतात. पाणी मोजून दिले की हा अन्याय संपतो. मात्र वीस वर्षांनंतरही अनेक संस्था कागदावरच आहेत, आणि ज्या चालू आहेत त्यांच्यापैकी कित्येकींच्या वाट्याला मोजमापाच्या नावाखाली अंदाजच येतो.

महोदय, हा अंदाज नेमका कुठे होतो हे आपण एकदा चारीवर, म्हणजे शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या कालव्यावर, येऊन पाहावे, अशी माझी विनंती आहे. आमच्या या चारीच्या मुखाशी सिमेंटचा फ्ल्यूम, म्हणजे पाण्याची उंची पाहून प्रवाह मोजण्याची अरुंद नाली, आहे. त्याच्या भिंतीवरील मोजपट्टीचे आकडे पुसले गेले आहेत आणि खालच्या बाजूला गाळ व पानकणीस इतके माजले आहे की पाणी पुढे सरकण्याऐवजी मागे तुंबते. उंचीवरून प्रवाह सांगणारा फ्ल्यूमचा तक्ता पाणी मोकळे वाहते असे धरून तयार केलेला असतो. पुढे तुंबारा असला की त्याच प्रवाहाला पातळी जास्त दिसते आणि न मिळालेले पाणी आमच्या खात्यावर चढते. या साधनात प्रवाह पाण्याच्या उंचीच्या साधारण दीड (१.५) या घातांकाने बदलतो. त्यामुळे २० सेंटिमीटरच्या जागी २२ वाचले गेले, तर उंचीतील चूक दहा टक्क्यांची असली तरी पाण्याच्या हिशेबात ती पंधरा टक्क्यांची होते. एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) प्रवाह चोवीस तास चालला की सुमारे २,४५० घनमीटर पाणी होते. आवर्तन आठवडाभर चालले, तर पंधरा टक्क्यांच्या चुकीचा अर्थ काय होतो, हे आपल्या अभियंत्यांना सांगायला नको. संस्थेचा सचिव बिलावर आक्षेप घेतो, तेव्हा त्याच्याजवळ पुरावा नसतो आणि पाणी सोडणाऱ्या सरकारी पाटकऱ्याजवळही नसतो. दोघेही प्रामाणिक असले तरी वाद मिटत नाही, आणि सभासदांचा मोजमापावरचा विश्वास उडतो तो उडतोच.

हे काम जमते, हे याच राज्यात सिद्ध झालेले आहे. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणाच्या कालव्यावर शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांना पाणी मिळत नव्हते. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टेलच्याच तीन संस्थांपासून कामाला सुरुवात केली. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे पाणी संस्थांच्या संघाने सांभाळायला घेतले. पाणी मोजून मिळते आणि आपण ठरवू तसे वापरता येते, हे कळल्यावर त्या शेतकऱ्यांनी कालव्याच्या पाण्याला विहिरींच्या पाण्याची जोड दिली आणि द्राक्षे व भाजीपाल्याकडे वळले. त्यांना काटकसरीवर व्याख्याने द्यावी लागली नाहीत. वाघाडचे कौतुक सगळेच करतात, पण तिथला भरवसा दुसऱ्या प्रकल्पांवर का उभा राहिला नाही, याचा विचार विभागाने गांभीर्याने करायला हवा. त्याहीआधी, १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावातून विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या प्रमाणात वाटले, भूमिहीनालाही त्यात वाटा दिला आणि उसाला मनाई केली. लोकांनी हे नियम पाळले, कारण आपला वाटा किती हे प्रत्येकाला माहीत होते.

ठिबकविषयीही स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. ठिबकने एका एकराला लागणारे पाणी कमी होते, यात शंका नाही. पण उपशावर कोणतीही मर्यादा नसेल, तर वाचलेल्या पाण्यावर तोच शेतकरी आणखी दोन एकर भिजवतो किंवा अधिक पाणी पिणाऱ्या पिकाकडे वळतो. त्याच्या उत्पन्नात भर पडते आणि ती पडायलाही हवी, पण धरणात किंवा भूगर्भात पाणी शिल्लक राहत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे, त्यामुळे विहिरीवर दराचा लगाम उरलेला नाही. कालव्यावर मात्र मोजून पाणी देणे आजही शासनाच्या हातात आहे. म्हणून लाभक्षेत्रातील ठिबकच्या अनुदानात, ज्या संस्था घनमापनाने पाणी घेतात त्यांच्या सभासदांना अग्रक्रम मिळावा, असे मी सुचवतो.

उसाचा प्रश्नही टाळता येणार नाही. सुरू ऊस बारा महिने, तर आडसाली सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. बारमाही पिकांना ठिबक वा तुषार सिंचनाशिवाय कालव्याचे पाणी देऊ नये, अशी तरतूद प्राधिकरणाच्या कायद्याच्या कलम १४(४) मध्ये आहे, पण ती शासन ठरवील त्या क्षेत्रासाठी आणि ठरवील त्या तारखेपासून. उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये घेतला होता. लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले ते २०१६ साली, म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी. ऊस उत्पादक आमचेच भाऊबंद आहेत, त्यांना एका फटक्यात अडचणीत आणा असे माझे म्हणणे नाही. पण एखादा तरी प्रकल्प निवडून, कारखाना, बँक आणि संस्था यांना एकत्र बसवून ही तारीख जाहीर करावी. तारीखच नसलेली तरतूद कोणालाही बांधत नाही.

माझी मुख्य मागणी साधी आणि कमी खर्चाची आहे. रब्बी आवर्तनाआधी संस्थांकडे हस्तांतरित झालेल्या प्रत्येक चारीचा फ्ल्यूम साफ करून, मोजपट्टी बदलून, जलसंपदा विभागाचे शाखाधिकारी आणि संस्था यांनी त्याची संयुक्त तपासणी करावी आणि आवर्तनातील प्रत्येक नोंदीवर दोघांच्या सह्या असाव्यात. धरणातील १५ ऑक्टोबरचा साठा निश्चित झाला की प्रत्येक संस्थेचा कोटा घनमीटरमध्ये गावात जाहीर व्हावा. आणि रब्बीत संस्थेने वाचवलेले पाणी, बाष्पीभवनाची ठरावीक घट वजा करून, उन्हाळ्यासाठी तिच्याच खात्यावर राहील, असा लेखी आदेश निघावा. टंचाईच्या वर्षी पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम राहीलच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र असे राखीव पाणी घ्यावे लागले, तर किती घेतले हे संस्थेला कळवले जावे आणि आवर्तनांचे नियोजन करणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत कालव्याच्या वरच्या भागाच्या आग्रहाखातर ते परस्पर वाटले जाऊ नये.

हा आदेश येत्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी काढावा, ही विनंती. संयुक्त तपासणीसाठी आमच्या संस्थेचे सभासद शाखाधिकाऱ्यांसोबत चारीवर उपस्थित राहतील, आणि गाळ काढण्याचे काम श्रमदानातून करण्याची आमची तयारी आहे.

आपला विश्वासू,
एका पाणीवापर संस्थेचा सभासद