ग्रीक कथा मुलांना सांगताना

महोदय,

इंदूरच्या मराठी घरांत ग्रीक पुराणकथांची पुस्तकं येतात ती बहुधा इंग्रजीच. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ते पुस्तक नुसतं हाती दिलं, तर अनोळखी नावांच्या गर्दीत ते चित्रं पाहून मिटतं. म्हणून आधी आपण वाचावं, मग चित्रं दाखवत मराठीत सांगावं. एका बैठकीला एकच गोष्ट, दहा-पंधरा मिनिटं, नावं फार तर तीन.

सुरुवातीला इकारस उत्तम. कारागीर डेडॅलस पिसं मेणाने जोडून स्वतःला आणि लेकाला, इकारसला, पंख करतो आणि उडण्याआधी त्याला दोन गोष्टी बजावतो: फार उंच गेलास तर मेण वितळेल, फार खाली गेलास तर समुद्राच्या ओलीने पंख जड होतील. सांगताना दुसरी अट हमखास गळते. ती गाळू नये, गोष्टीचा तोल तिच्यातच आहे. मेणबत्तीच्या मऊ मेणात पीस रोवून वैशाखात गच्चीवर उन्हात ठेवा. ते कलंडू लागलं की मुलं पुस्तकाकडे आपणहून वळतात.

पाताळाच्या राजाने पळवून नेलेली पर्सेफनी तिथे डाळिंब खाते, म्हणून तिला दरवर्षी काही महिने तिथे राहावं लागतं. तिच्या गोष्टीला डाळिंब सोलून घ्यावं. ग्रीक कवी होमरच्या नावावरच्या स्तोत्रात ती एकच दाणा खाते, रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’मध्ये सात. मुलं हा फरक पकडतात, तेव्हा दोन्ही सांगून टाकावं. रामायणही ठिकठिकाणी वेगळं सांगितलं जातं, हे त्यांना घरात ठाऊक असतंच.

पुस्तक घेताना नावं तपासा. ग्रीकांचा महावीर हेराक्लीस म्हणजेच रोमनांचा हर्क्युलस, देवांचा राजा झ्यूस म्हणजे ज्युपिटर. दोन्ही पद्धती मिसळल्या की मुलांना चार देव वाटतात. पोटची पोरं गिळणारा झ्यूसचा बाप क्रोनस मात्र आठव्या-नवव्या वर्षापर्यंत थांबू द्यावा.

– बालवाचनाचे स्वयंसेवक, इंदूर