आधी स्वयंपाकघर दाखवा

संपादक महाशय,

जुन्या व्यापारी घरांची संग्रहालये करावीत, हा आपल्या रविवारच्या अंकातील लेख पटला. मात्र दिवाणखाना आणि चिनी मातीची भांडी मांडली की संसार दिसला, असे होत नाही. पणजीच्या म्हामाय कामत घराण्याची कागदपत्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपली गेली, म्हणून १८व्या-१९व्या शतकांतला त्यांचा व्यापार आज अभ्यासता येतो. घरातल्या बायकांच्या आणि गड्यांच्या कष्टांचे दप्तर कोणी ठेवले? ते चुलीत, रगड्यात, न्हाणीतल्या पाणी तापवायच्या तांब्याच्या भाणात, पुरुमेंताच्या म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या बरण्यांत आहे, आणि हेच सामान आधी भंगारात जाते! बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयाने शेतीची अवजारे वाचवली. घरगुती वस्तूंची नोंद करताना घरातल्या वयस्क स्त्रियांना प्रथम विचारावे.

– एक वाचक, फोंडा