भांड्यांवरची नावं

गिरगाव, मुंबई
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मंगळवारी आलं, पण निवांतपणा मिळायला रविवार उजाडला. सकाळपासून पाऊस धरून आहे, गॅलरीत गळतीखाली बादल्या लागल्यात, आणि मी खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसलोय.

तू विचारलंस, "पोरांना ऑपरेटिंग सिस्टीम नुसती फळ्यावर शिकवून माझाच जीव विटलाय. खरा सोर्स हातात द्यायचा तर कुठला देऊ?" नेटबीएसडीचा दे, युनिक्सच्या कुळातली ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आहे. लिनक्स का नाही, असं तुझे विभागप्रमुख विचारतील. लिनक्स थोरच आहे, पण लिनक्स म्हणजे फक्त कर्नल, सिस्टीमचा गाभा. आज्ञा वाचणारं शेल एकीकडून येतं, सी लायब्ररी दुसरीकडून, बाकीच्या आज्ञा तिसरीकडून, आणि ही सगळी मोट डेबियन किंवा फेडोरासारखे प्रकल्प बांधतात. नेटबीएसडीत कर्नल, लायब्रऱ्या, आज्ञा, मॅन्युअलची पानं, इन्स्टॉलर हे सगळं १९९३ पासून एकाच झाडात, म्हणजे सोर्सच्या एकाच संग्रहात, वाढलंय. पोरांना अख्खं घर एका दारातून आत शिरून बघता येईल.

पहिल्या तासाला काही समजावू नकोस. फाइल पडद्यावर दाखवणाऱ्या 'कॅट' या आज्ञेचा सोर्स शोधा, एवढंच सांग. मशीनवर जी आज्ञा 'बिन' डिरेक्टरीत असते, तिचा सोर्स झाडातही 'बिन'मध्येच असतो; 'एस-बिन'मधलीचा 'एस-बिन'मध्ये. पोरं दोन मिनिटांत पोचतील. आत एक छोटी सी फाइल, एक मॅन्युअलचं पान आणि चार ओळींची मेकफाइल, म्हणजे बांधणीची कृती, बस्स. कोणी नकाशा न देता आपण पोचलो, हे त्यांना कळू दे.

मग 'सिस', म्हणजे कर्नल. तिथे 'आर्च'खाली प्रत्येक जातीच्या यंत्राचा वेगळा कप्पा आहे. इंटेलचा आहे, आर्मचा आहे, आणि आपण फोटोतच पाहिलेल्या व्हॅक्स या जुन्या संगणकाचाही आहे. पण नेटवर्क कार्ड चालवणारा ड्रायव्हर या कप्प्यांत नाही, तो 'डेव्ह'मध्ये आहे, एकदाच लिहिलेला. कार्डाच्या रजिस्टरपर्यंत कसं पोचायचं हे प्रत्येक यंत्र आपापल्या कप्प्यात सांगतं, ड्रायव्हरला त्याचं सोयरसुतक नसतं. कुठली ओळ कुठे ठेवायची याचा निर्णय पन्नासहून जास्त प्रकारच्या यंत्रांना पुरला आहे. माझ्या मते तुझ्या अभ्यासक्रमातला सगळ्यात मोठा धडा हाच.

पण मला सर्वांत जास्त आवडतो तो 'एक्स्टर्नल'. तुला आमची आजी आठवते? लग्नकार्यात शेजाऱ्यांकडून पातेली यायची, तेव्हा ती त्यांची वेगळी रास लावायची आणि प्रत्येकावर कोरलेलं नाव वाचून परत करायची. 'हे कुलकर्ण्यांचं, याला राख लावू नका, त्यांना चालत नाही.' 'एक्स्टर्नल'मध्ये बाहेरून आणलेला सोर्स असाच लावलाय, आणि तोही कामाप्रमाणे नाही, परवान्याप्रमाणे. जीसीसी हा कंपायलर (सोर्स यंत्राच्या भाषेत आणणारा) आहे 'जीपीएल-३'खाली, लुआ ही भाषा 'एमआयटी'खाली, झेडएफएस ही फाइल सिस्टीम 'सीडीडीएल'खाली, एसक्यूलाइट हा डेटाबेस 'पब्लिक डोमेन'खाली. उद्या कोणी हे झाड उचलून स्वतःचं यंत्र बनवायला घेतलं, तर कुणाचं भांडं कुठल्या अटीवर आपल्या घरात आहे हे त्याला वकिलाकडे न जाता दिसतं. मूळ लेखकांकडून आलेला माल 'डिस्ट' नावाच्या कप्प्यात असतो, त्याला शक्यतो हात लावत नाहीत, आपल्या मेकफाइली बाहेर ठेवतात. मूळ लेखकांनी नवी आवृत्ती काढली की 'डिस्ट'मध्ये ती आणून बसवायची. कोडच्या मांडणीतून मालकाचा मान राखता येतो, हे मला इथे पहिल्यांदा दिसलं.

त्या 'पब्लिक डोमेन'मध्ये 'टीझेड' आहे, जगभरच्या घड्याळांची नोंदवही. तिच्यातली 'एशिया' फाइल मी एका रात्री वाचत बसलो. भारताचा झोन कोलकात्याच्या नावाने आहे आणि ग्रिनिचपासूनचा सुरुवातीचा फरक ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद असा सेकंदापर्यंत दिलाय. १८७० पासून मद्रासची वेळ, ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. १ जानेवारी १९०६ पासून आपले साडेपाच तास. युद्धकाळात घड्याळं तासभर पुढे केली होती, तेही आहे. मुंबईला मात्र स्वतःचा झोन नाही. आजोबा सांगायचे ना, की मुंबईचं घड्याळ देशाच्या ३९ मिनिटं मागे चालायचं? ते १९५५ पर्यंत चाललं. पण नोंदवहीचा नियम असा, की १९७० नंतर ज्यांची घड्याळं जुळतात त्यांना एकच झोन. नियम मला पटतो. तरी आजोबांची ३९ मिनिटं तिथे नाहीत याची रुखरुख लागली, ती लागलीच.

आता बांधणी. तुझ्या लॅबमध्ये रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मिळत नाही म्हणतोस, तर इथे तो लागतच नाही. 'बिल्ड डॉट एसएच' नावाची एक स्क्रिप्ट आहे. मशीनवर लिनक्स असो की मॅक, ती आधी स्वतःचा कंपायलर, स्वतःचं मेक आणि इतर अवजारं बांधते आणि मग त्यांनीच बाकीचं सगळं. अगदी ती घड्याळांची वही यंत्राच्या भाषेत आणणारं अवजारसुद्धा ती आपलं आपण बनवते. कुठली फाइल कोणाच्या मालकीची, कोणाला परवानगी, हे डिस्कवर न करता एका यादीत लिहून ठेवते. म्हणून साध्या विद्यार्थ्याच्या खात्यातून इंटेलच्या मशीनवर बसून आर्मच्या यंत्राची अख्खी सिस्टीम तयार होते. स्क्रिप्टला 'मोठं यू' हा पर्याय द्यायला विसरू नकोस, आणि ३० जीबी जागा मोकळी ठेव. अवजारं बांधायलाही बराच वेळ जातो. ती संध्याकाळी लावून घरी जा.

एक ठेच सांगतो, म्हणजे पोरांना आधीच माहीत असेल. मी 'यूएसआर-बिन'मध्ये सरावासाठी एक छोटा प्रोग्राम घातला. सगळं कंपाइल झालं, आणि अगदी शेवटी बांधणी थांबली. तक्रार काय, तर एक फाइल जास्त आहे! रात्रीचे दोन वाजले होते, डोकं फिरलं. मग कळलं, की तयार सिस्टीममध्ये जाणाऱ्या प्रत्येक फाइलची नोंद 'डिस्ट्रिब'खालच्या याद्यांमध्ये हवी. मी प्रोग्रामची ओळ लिहिलीच नव्हती. यादीत असून फाइल नसेल तरीही बांधणी अडते. आणि काढून टाकलेल्या फाइलीचं नावही खोडत नाहीत, तिच्यापुढे 'ऑब्सोलीट' लिहितात, कारण कुणाच्या तरी जुन्या मशीनवर ती अजून पडलेली असते आणि अपग्रेड करताना तिथून ती उचलायची असते. दोन वाजता मला ही शिक्षा वाटली होती. आता मी ऑफिसच्या कामातही अशी यादी ठेवायला लागलोय.

शेवटी एक विनंती. २०१७ पासून नेटबीएसडीची बांधणी हुबेहूब पुन्हा करता येते. बांधल्याची तारीख, डिरेक्टरीचा रस्ता, फाइलींचा क्रम अशा ज्या गोष्टींनी दोन बांधण्यांत फरक पडायचा, त्या शोधून शोधून काढल्यात. 'मोठं पी' हा पर्याय द्यायचा. म्हणजे सांगलीत तुझ्या पोरांनी आणि गिरगावात मी एकाच सोर्समधून बांधलं, तर निघणाऱ्या फाइलींचा बिट अन् बिट सारखा यायला हवा. १०.१ चा सोर्स घ्या, इंटेलसाठी बांधा आणि 'बेस' या मूळ फाइलींच्या संचाचा शा-२५६, म्हणजे मजकुरावरून निघणारा ६४ अक्षरांचा ठसा, काढा.

वहिनींना नमस्कार. आईचं गुडघ्याचं दुखणं आता बरं आहे, तुझी आठवण काढते.

मी माझी ६४ अक्षरं वहीत उतरवून ठेवली आहेत. आत्ता कळवत नाही, पोरांची आधी येऊ दे.

तुझा,
विनायक