दार उघडतं, पण घट्ट बंद होतं का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शस्त्रक्रियागृहाला स्वयंचलित दार बसवलं की काम झालं, असा समज सर्रास दिसतो. पण अशा दाराचा कस लागतो तो बंद होताना. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किमान २.५ पास्कलने जास्त टिकला, तरच मार्गिकेतली धूळ-जंतू आत येत नाहीत. म्हणून हवाबंद सरकत्या दाराचा पल्ला (सरकणारी फळी) शेवटच्या टप्प्यात किंचित खाली उतरून चौकटीकडे ओढला जातो आणि कडेची रबरी पट्टी फरशीवर व चौकटीवर दाबली जाते. फरशी तिथे समपातळीत नसेल, तर पट्टी एका टोकाला घासते, दुसऱ्या टोकाला फट राहते. आणि बोल मात्र मोटारीला! पट्टीखाली कागद ठेवून दार बंद करा, मग ओढा. सहज निघाला तर तिथे गळती आहे.

मार्गिकेत हालचाल टिपणारा सेन्सर लावणं तर निव्वळ चूक. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी दार उघडतं, आतला दाब कमी होतो. कोपराने किंवा पायाने चालणारा स्विच बरा. पल्ल्याच्या वाटेतला अडथळा ओळखणारा सुरक्षा सेन्सर मात्र हवाच, आणि त्याची काच रोज पुसावी. वीज बंद करून दार हाताने सरकतं का, हेही अधूनमधून पाहावं.

आत सी-आर्म (शस्त्रक्रियेवेळी वापरायचं क्ष-किरण यंत्र) वापरायचं असेल तर किरण अडवायला पल्ल्यात शिशाचा पत्रा लागतो, वजन बरंच वाढतं. मोटार आणि रूळ त्या वजनाचेच मागवावेत. मागाहून पत्रा चढवला की चाकं लवकर झिजतात.

– रुग्णालय देखभाल विभागातील काही तंत्रज्ञ