बंड्या कुणाकडे?

व्हँकुव्हर

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘तुम्ही दोघं वेगळे झालात, पण बंड्या कुत्रा त्याच्या पैशाने आणलेला, मग तुझ्याकडे कसा राहिला?’ आई शेजारीच होती, म्हणून मी विषय बदलला. आता सगळं लिहिते. तिला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. लग्नच झालं नव्हतं तर वाटणी कसली, हा तिचा पहिला प्रश्न असेल.

इथे लग्नाचं एवढं अडत नाही. कॅनडाच्या या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दोघं लग्नासारख्या नात्यात सलग 2 वर्षं एकत्र राहिले, की वाटणीपुरतं त्यांना नवरा-बायकोच धरतात. आमची 2 वर्षं केव्हाच उलटली होती. आणि 15 जानेवारी 2024 पासून इथल्या कौटुंबिक कायद्यात पाळीव प्राण्यांसाठी वेगळी तरतूद आली आहे. तोपर्यंत कुत्रा आणि सोफा एकाच यादीत असायचे.

आता न्यायाधीश बघतात की प्राणी घरात कसा आला, त्याचं रोजचं कोण करत होतं, पुढे करायची तयारी आणि ऐपत कुणाची आहे, घरात मूल असेल तर त्याला लळा किती. पावती हा त्यातला एक मुद्दा झाला, सगळा निकाल तिच्यावर नाही. आमच्याकडे पावती त्याच्या नावावर, कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या मायक्रोचिपची नोंदही त्याच्याच. पण बंड्याचं कानाचं दुखणं जुनं. औषध घालायचं म्हणजे त्याची पाठ भिंतीला टेकवून बसवायचं, लोंबता कान उलटा धरायचा, थेंब आत गेले की बुडाशी चोळायचं आणि त्याने मान झटकायच्या आत टॉवेल पुढे करायचा. हे सगळं माझ्याकडे होतं. डॉक्टरांच्या फाइलीत प्रत्येक भेटीला माझं नाव आहे, बिलं माझ्या कार्डावरची. वकीलबाईंनी ती फाइल चाळली आणि म्हणाल्या, ही हरवू नका.

त्याच यादीत आणखी एक मुद्दा आहे. घरात मारहाण होत होती का, आणि कुणी त्या प्राण्याचे हाल केलेत किंवा करीन म्हणून धमकावलंय का. आमच्यात असलं काही नव्हतं, उगाच काळजी करत बसू नकोस. पण ‘तू जा, मग कुत्र्याचं काय करतो बघ’ एवढ्या एका वाक्यावर बाईला घरात डांबून ठेवता येतं. मांजर घेऊन जायचं कुठे, म्हणून मार खात राहिलेल्या बायका असतात. हे कुणीतरी कायद्यात लिहून ठेवलं, मला बाकीच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा त्याचं अप्रूप जास्त आहे.

कोर्टात गेलं की प्राणी एकालाच मिळतो. आठवडा याच्याकडे, आठवडा तिच्याकडे, असा हुकूम इथल्या न्यायाधीशांना देताच येत नाही. स्पेनमध्ये येतो. माद्रिदच्या एका कोर्टाने 2021 मध्ये पांडा नावाच्या कुत्र्याचा ताबा दोघांना मिळून दिला होता. ऐकायला छान वाटतं, पण मला इथल्यांचंच पटतं. ज्यांचं भांडण कोर्टापर्यंत गेलं, त्यांना पुन्हा पुन्हा एकमेकांच्या दारात पट्टा घेऊन उभं करायचं म्हणजे भांडण मिटू न देण्याची सोय. आपसात मात्र हवं तसं ठरवता येतं, कायदा आड येत नाही.

2 वर्षं भरली नसती तर मात्र माझं काही खरं नव्हतं. मग हा कायदा लागूच होत नाही. 5,000 डॉलरपर्यंतचे दावे ऐकणारं एक ऑनलाइन न्यायाधिकरण आहे, तिथे जावं लागतं, आणि तिथे कुत्रा म्हणजे निव्वळ मालमत्ता. कॅनडातल्याच न्यूफाउंडलंड प्रांतात तर 2018 ला अशाच एका बिनलग्नाच्या जोडप्याचा कुत्रा अपील कोर्टापर्यंत गेला. तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी पैसे भरणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. तिसऱ्या बाई म्हणाल्या, बाकीचंही बघायला हवं. पण दोनापुढे एक काय करणार!

हे धाकट्यालाही सांग. मेलबर्नला त्याने आणि त्याच्या मैत्रिणीने मांजर आणलंय ना? ऑस्ट्रेलियातही 10 जून 2025 पासून असाच कायदा आलाय, बिनलग्नाच्या जोडप्यांनाही धरून. तिथेही कोर्ट मालकी वाटून देत नाही. एकाला देतं, किंवा चक्क विकायला सांगू शकतं. आता सगळं गोडीत आहे तोवर मांजर कुणाच्या नावावर आणि वेगळं व्हायची वेळ आली तर कुणाकडे, हे कागदावर उतरवून ठेवा म्हणावं. तो ‘ताई, काहीतरीच काय!’ म्हणेल. म्हणू दे.

आम्ही कोर्टात गेलोच नाही. दोन पानी करार केला. बंड्या माझ्याकडे, मायक्रोचिप माझ्या नावावर, रोजचा खर्च माझा. मोठं ऑपरेशन निघालं तर निम्मे पैसे तो देणार. मी बाहेरगावी जाणार असेन तर आधी त्याला विचारायचं, त्याला जमत नसेल तरच दुसरीकडे ठेवायचं. आणि कधी बंड्याला इंजेक्शन देऊन कायमचं शांत करायची वेळ आली, तर ते दोघांनी मिळून ठरवायचं. हे शेवटचं त्याने सुचवलं. त्यावर मी घासाघीस केली नाही.

तेव्हा डिसेंबरात मी येईन तेव्हा बंड्या त्याच्याकडे असेल. रोज फोटो येतील. ते बघून आईने ‘अगं, इतका चांगला मुलगा, मग तुमचं बिनसलं तरी कशावरून?’ असं सुरू केलं, तर सांभाळून घे.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
छोटी