रिकामा गेलेला रोल

प्रिय बाळा,

काल रात्री तू तुझ्या लग्नासाठी तीन फोटोग्राफरांची इन्स्टाग्राम पानं पाठवलीस आणि खाली एवढंच लिहिलंस, 'आई, कोणता?' तिन्ही पानं बघितली. तिन्ही सुंदर आहेत, आणि अडचण तीच आहे. म्हणून फोन न करता लिहायला बसले.

त्या पानांवर वर्षभरातल्या लग्नांमधले निवडक फोटो असतात. त्यावरून या माणसाला चांगला फोटो काढता येतो, इतकंच कळतं. तुला हवाय तो सलग दहा तास उभं राहून, गर्दीत, कुणाचे धक्के खात, न कंटाळता काम करणारा माणूस. तेव्हा तिघांनाही सांग, 'एका लग्नाचे सगळे फोटो दाखवा, जसे त्या जोडप्याला दिलेत तसे.' पाचशे असोत की आठशे. त्यातही संध्याकाळचं, हॉलमधलं लग्न माग. बागेत उन्हं कलताना कुणाचाही फोटो छान येतो गं.

ते फोटो बघताना पहिले पन्नास सोड, मधले बघ. एकच माणूस एका फोटोत पिवळा आणि पुढच्यात निळसर दिसतो का? पिवळे दिवे आणि खिडकीचा उजेड एकत्र आले की तसं होतं, आणि ज्याला ते सांभाळता येत नाही तो सगळं काळंपांढरं करून मोकळा होतो. मागची माणसं काळोखात बुडालीत आणि पुढच्यांची कपाळं चकाकतायत? म्हणजे फ्लॅश थेट तोंडावर मारलाय. जाणकार माणूस तो छताकडे किंवा भिंतीकडे वळवून उजेड मऊ करून घेतो. आणि म्हातारी माणसं शोध. ती फक्त ग्रुप फोटोत रांगेत उभी दिसली, तर त्या फोटोग्राफरचं लक्ष दिवसभर नवरानवरीवरच होतं असं समज.

आता आमच्या लग्नाचं सांगते. तुला अर्धवट माहीत आहे. तुझ्या आजोबांचा आमच्या अल्बममध्ये एकही फोटो नाही, याचं कारण ते लाजायचे असं मी सांगत आले. खरं कारण वेगळं आहे. तेव्हा ३६ फोटोंचे फिल्मचे रोल असायचे. फोटोग्राफरने दुसरा रोल घाईत भरला आणि फिल्मचं टोक समोरच्या चक्रीत नीट अडकलंच नाही. खटका ओढला की आकडा पुढे जायचा, फिल्म जागची हलत नव्हती. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूचं गोल बटण प्रत्येक खटक्याला फिरतंय का, एवढं बघितलं असतं तरी कळलं असतं. आकडा ३६च्या पुढे जातोय म्हटल्यावर त्याने मागचं झाकण उघडलं. सगळी फिल्म डबीतच होती. त्या तासाभरात माझे बाबा दोनदा माझ्याशेजारी उभे राहिले होते. त्याने तेव्हा कुणाला काही सांगितलं नाही, पंधरा दिवसांनी अल्बम घेऊन आला तेव्हा सांगितलं. एका फोटोत माझ्या खांद्यामागे एक कोपर आणि दुमडलेली बाही दिसते. ते बाबा.

त्याच्यावरचा राग कधीच गेला. झाकण उघडलं त्याच क्षणी तो बोलला असता तर बाबांना पुन्हा उभं केलं असतं, ते मात्र अजून डोक्यात येतं.

रोल गेले, पण आता फोटो ज्यावर साठतात ते मेमरी कार्डही खराब होतंच. म्हणून विचार, 'तुमच्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात का, आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर एकदम लिहिला जातो का?' काही कॅमेऱ्यांत जागा दोन असतात, पण माणूस एक भरलं की दुसरं अशी वापरतो. त्याचा उपयोग नाही. घरी गेल्यावर प्रती कुठे कुठे ठेवता, कार्ड पुसता कधी, दुसरा कॅमेरा सोबत असतो का, आजारी पडलात तर कोण येईल? तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, असा या धंद्यातल्या नीट माणसांचा रिवाज असतो. उत्तराइतकंच तोंडाकडेही लक्ष दे. 'आजवर असं कधी झालं नाही मॅडम' म्हणणाऱ्यापेक्षा 'एकदा झालं होतं, तेव्हापासून असं करतो' म्हणणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं कच्चं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलमध्ये, फोटो काढता का, हेही विचार. हे ज्ञान तुझ्या मामाचं, तो एकदा सांगायला लागला की थांबत नाही. साध्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. त्यामुळे पांढरे कपडे उजेडात जळाल्यासारखे आले किंवा काळे सावलीत हरवले, तर नंतर बरंच परत आणता येतं. पण त्या रॉ फाइली मागत बसू नकोस. त्या कच्च्या आणि फिक्या असतात, बहुतेक जण देतही नाहीत. तयार फोटो पूर्ण आकारात मिळतील ना, ते बघ.

करार लेखी हवाच. तुमच्याशी बोलणारा आणि त्या दिवशी कॅमेरा धरणारा माणूस एकच असतो असं नाही. मोठ्या स्टुडिओत एक गोड बोलतो आणि भलताच येतो. येणाऱ्याचं नाव करारात लिहून घे. तास किती, वरच्या तासाचं काय, फोटो कोणत्या तारखेपर्यंत, अल्बम त्यातच की वेगळा, लग्न पुढे ढकललं तर ॲडव्हान्सचं काय, हे सगळंही. फोटोंचा हक्क कुणाचा, हे दर देशात वेगळं असतं. भारताच्या १९५७च्या कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा. ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्यापासून तो हक्क फोटोग्राफरचा. म्हणून स्पष्ट लिहा. तुमचे फोटो त्याने स्वतःच्या पानावर टाकायचे की नाही, ते तुम्ही दोघं आधी ठरवा. मला विचाराल तर लहान मुलांचे नकोत.

व्हिडिओवाले आणि हे वेगवेगळे असतील तर दोघांची आधी ओळख करून द्या. नाहीतर मोक्याच्या क्षणी एकमेकांच्या पाठीचे फोटो मिळतील.

आणि सही करण्याआधी तासभर त्याच्यासोबत छोटं शूट करून बघा. आमचे होणारे जावई कॅमेरा दिसला की खांबासारखे ताठ होतात, ते विसरू नकोस. त्यांना जो हसवेल तो घ्या, मग त्याचं पान थोडं कमी झगमगीत असलं तरी चालेल.

ग्रुप फोटोंची यादी मी करतेय. एका ग्रुपला माणसं गोळा करून तीन मिनिटं धरली तरी वीस ग्रुप म्हणजे पूर्ण तास, त्यामुळे बाराच्या वर जाणार नाही. मामा यादी हातात घेऊन फोटोग्राफरशेजारी उभा राहील. त्याला सगळे चेहरे माहीत आहेत आणि आवाजही मोठा आहे.

उद्या त्या दुसऱ्याला फोन कर आणि पूर्ण लग्न माग. टाळाटाळ केली तर तिसऱ्याला. आजीला मी विचारलं, तिला खुर्चीत बसून फोटो नकोय, तुझ्याशेजारी उभं राहून हवाय. गुडघे दुखतात म्हणून तो सगळ्यात आधी घ्यायचा, यादीत पहिलाच लिहिलाय.

तुझी,
आई