ओवीचा काढा

प्रिय विद्या,

आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून बरं वाटलं. इकडे सगळे ठीक, माझा खोकलाही गेला. पत्र लिहिलं नाही म्हणून रागवायचं ते भेटल्यावर रागव. आज ऐक, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

सुमीच्या ओवीचा एसजीपीटी, म्हणजे यकृत दुखावलं की रक्तात चढणारं एन्झाइम, २१२ आलाय.

तिच्या संधिवातावर मेथोट्रेक्सेट, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, छान लागू पडलं होतं. दर रविवारी १० मिलिग्रॅम, म्हणजे अडीचच्या चार गोळ्या, आणि सोमवारी फॉलिक अ‍ॅसिड. गुडघ्याची सूज उतरली, सकाळचा ताठरपणा गेला, पोर जिना भराभर चढायला लागली. आणि मग आजींनी रोज गुळवेलीचा काढा आणि दुधातून अश्वगंधा सुरू केली. डॉक्टरांनी ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ असं विचारलं तेव्हा सुमी नाही म्हणाली. काढा तिच्या लेखी औषधात मोडतच नाही.

आता गुंता बघ. रक्त काढलं मंगळवारी. गोळीनंतर एक-दोन दिवस एन्झाइम्स थोडी चढतातच, म्हणून रक्त पुढच्या डोसच्या आदल्या दिवशी काढायचं असतं. पण २१२ एवढ्याने होत नाही. गुळवेलीने यकृताला सूज येते तेव्हा चित्र बऱ्याचदा ऑटोइम्यून हेपटायटिससारखं, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं दिसतं, त्याची खूण असलेली एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह येते. ओवीची ती संधिवातामुळे आधीपासूनच पॉझिटिव्ह! त्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून आयजीजी (रक्तातली प्रतिपिंडं) आणि कावीळ ए व ई तपासायला दिलंय. काढा, अश्वगंधा, मेथोट्रेक्सेट, तिन्ही बंद. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त. आकडा उतरला तरी दोष कुणाचा ते कळणार नाही. म्हणून पुढे मेथोट्रेक्सेट एकटंच, कमी डोसने सुरू करायचं. काढा मात्र पुन्हा नाही. जे औषध काम करत होतं तेच संशयापायी थांबवावं लागलं, याने जीव तुटतो. तेवढ्यात गुडघा पुन्हा सुजला तर? डोळ्यांची भीती त्याहून मोठी. संधिवात असलेल्या एएनए पॉझिटिव्ह लहान मुलींत डोळा लाल न होता, न दुखता आतून सुजतो. स्लिट लॅम्पची, म्हणजे डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकाची, तपासणी तीन महिन्यांनी असते, ती मी ठरल्या वेळेच्या आधीच घ्यायला लावलीय.

तू म्हणशील, वेल चुकीची असेल. असेल! मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये असे सहा रुग्ण मांडले, तेव्हा आयुष मंत्रालयानेही तेच म्हटलं होतं. ती दुसरी जात, खोडावर चामखिळींसारखे उंचवटे असलेली. पण सोसायटीच्या कुंपणावरची वेल ओळखली कुणी? आणि वेल खरी असली तरी, जी प्रतिकारशक्ती आपण दाबतोय तिलाच ती उठवते. या वादात मेस बंद व्हायची आणि तू मला अर्धी भाकरी फेकून मारायचीस. फेक पुन्हा, पण मी मागे हटणार नाही. जेवणातली हळद आणि सकाळची कोमट पाण्याची अंघोळ यांवर माझं काही म्हणणं नाही. ते चालू दे. मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल मात्र नकोत, त्यांनीही यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत.

माझं आजी ऐकणार नाहीत, वैद्यांचं, म्हणजे तुझं, ऐकतील. त्यांना घरातल्या सगळ्या बाटल्या, डब्या, पुड्या टेबलावर मांडायला सांग. महायोगराज गुग्गुळ निघाला तर लगेच बंद कर. त्यात नागभस्म, म्हणजे शिशाचं भस्म, असतं हे मी तुला काय सांगणार, आणि शिसं सहा वर्षांच्या मेंदूला सोसत नाही. बिनलेबलची पुडी निघाली तर आधी ती किती दिवस चालू आहे ते विचार आणि ओवीचा चेहरा नीट बघ. गाल फुगले असतील तर पुडीत स्टेरॉइड मिसळल्याचा संशय धर. मग पुडी परस्पर बंद करू नका, एकदम थांबवली तर पोर कोसळू शकते. पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांग. आणि आजींना बोल लावू नकोस. त्यांनी मायेनेच दिलंय.

शनिवारच्या आत फोन कर. दवाखान्याची गळती थांबली का? आदूचा निकाल कळव.

तुझी,
नंदू